खाडा पडल्यानंतर

जानेवारीचा पहिला आठवडा म्हणजे जिमवाल्यांची दिवाळी. ट्रेडमिलसाठी थांबावं लागतं, डंबेल्सची जोडी धड सापडत नाही आणि ट्रेनरला एकाच वेळी चौघांच्या पाठीकडे लक्ष ठेवावं लागतं. महाशिवरात्र येईपर्यंत गर्दी विरळ होते. मग परीक्षा, लग्नसराई, आणि जूनमध्ये पाऊस. वर्षाची फी मात्र जानेवारीतच भरून झालेली असते, कारण महिन्यामहिन्याने भरण्यापेक्षा वर्षाची स्वस्त पडते.

हा हिशेब किती चुकतो ते स्टेफानो देलाविग्ना आणि उल्रिके माल्मेंडिअर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिलं. अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सदस्यांची तीन वर्षांची हजेरी त्यांनी तपासली. महिन्याला ७० डॉलरहून जास्त फी भरणारे सदस्य महिन्यातून सरासरी ४.३ वेळा येत होते. म्हणजे एक खेप त्यांना १७ डॉलरच्या वर पडत होती. दहा खेपांचा पास घेतला असता तर तीच खेप १० डॉलरला पडली असती. ही माणसं गणितात कच्ची होती असं नाही. फी भरताना त्यांनी जो सदस्य गृहीत धरला होता तो नियमित येणारा होता, आणि प्रत्यक्षात तसं कोणी आलं नाही.

भारतात तर बहुसंख्य लोक जिमच्या पायरीपर्यंतही पोचत नाहीत. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये देशातले जवळजवळ ५० टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. २००० साली हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. पुरेशी म्हणजे किती, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाने आठवड्याला १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोमाचा व्यायाम. त्याआधी २०१४ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे निष्कर्ष आले होते. महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या १४ हजारांवर लोकांत, फावल्या वेळात हौसेने व्यायाम करणारे दहा टक्क्यांहूनही कमी निघाले.

यावर कोणालाही विचारलं की उत्तर तयार असतं: 'कळतं सगळं, पण मोटिव्हेशन टिकत नाही.' मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र गेली काही दशकं नेमका हाच प्रश्न उलटसुलट तपासत आहेत. उत्साह टिकवण्याच्या युक्त्यांपासून हा शोध सुरू झाला आणि हळूहळू एका वेगळ्याच ठिकाणी येऊन पोचला. उत्साह ओसरणार हे धरूनच चालायचं, तर खाडा पडलेला माणूस परत कसा येतो, हा आता जास्त महत्त्वाचा प्रश्न झाला आहे.

मुळा, बिस्किटं आणि इच्छाशक्ती

इच्छाशक्तीचा साठा मर्यादित असतो आणि वापरला की तो संपतो, ही कल्पना रॉय बाउमायस्टर यांच्या १९९८ च्या प्रयोगाने गाजली. खोलीत ताज्या चॉकलेट बिस्किटांचा वास दरवळत होता. काही विद्यार्थ्यांना बिस्किटं खायची मुभा होती, काहींना मात्र ती समोर ठेवून फक्त मुळा खायला सांगितलं होतं. त्यानंतर सगळ्यांना न सुटणारी कोडी दिली, तेव्हा मुळा खाणाऱ्यांनी लवकर हात टेकले. दिवसभर ऑफिसात डोकं पिकल्यावर संध्याकाळी पळायला जाववत नाही, याचं हे सोयीचं शास्त्रीय कारण झालं. पुढे २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांवर लोकांवर या सिद्धांताची एकत्रित फेरतपासणी केली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. वाद अजून मिटलेला नाही, पण संपत जाणाऱ्या साठ्याची गोष्ट आता पूर्वीसारखी छातीठोकपणे कोणी सांगत नाही.

निश्चय करण्याच्या मुहूर्ताला मात्र संशोधनाने मान दिला आहे. हेंगचेन डाय, केटी मिल्कमन आणि जेसन रीस यांच्या २०१४ च्या अभ्यासात आठवडा, महिना, वर्ष किंवा सत्र सुरू होताना आणि वाढदिवसानंतर विद्यार्थ्यांची जिममधली हजेरी वाढलेली दिसली. जुना 'मी' मागे पडला, आता पाटी कोरी, असं वाटण्याचा तो परिणाम. पाडव्याला किंवा दसऱ्याला सुरुवात करणाऱ्यांची वृत्ती यापेक्षा फार वेगळी नसते. मात्र मुहूर्ताने सुरुवात होते, पुढचं तो काही पाहत नाही.

पुढच्याची एक साधी युक्ती ब्रिटनमधल्या २४८ विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगात पुढे आली. सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन यांनी २००२ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका गटाला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्याला व्यायाम केला तर हृदयविकार कसा टळतो याची माहिती वाचायला दिली. तिसऱ्याने ती माहिती वाचलीच, शिवाय पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार ते कागदावर लिहिलं. तिसऱ्या गटातल्या ९१ टक्के मुलांनी त्या आठवड्यात व्यायाम केला, पहिल्या दोन गटांत ४० टक्क्यांहूनही कमी मुलांनी. नुसती माहिती वाचलेल्यांचा इरादा पक्का झाला होता, पाय मात्र हलले नव्हते. 'उद्यापासून चालायला जायचं' आणि 'बुधवारी सकाळी सव्वासहाला, कोपऱ्यावरच्या बागेत, तीन फेऱ्या' यांत एवढा फरक पडतो.

एकवीस दिवस आणि दहा हजार पावलं

या क्षेत्रात दोन आकडे सर्वांच्या तोंडी आहेत आणि दोन्हींचा जन्म भलत्याच ठिकाणी झाला आहे.

एकवीस दिवसांत सवय लागते, हे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनचं निरीक्षण. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० च्या पुस्तकात लिहिलं होतं. लोकांनी 'निदान' गाळलं, चेहराही गाळला आणि आकडा तेवढा ठेवला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लाली यांनी ९६ जणांना बारा आठवडे एखादी नवी सवय लावून घ्यायला सांगितलं. २०१० मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार सवय आपसूक व्हायला लागणारा मध्यक काळ ६६ दिवसांचा होता. कोणाला १८ दिवस पुरले असते तर कोणाला २५४ लागले असते. पाणी पिण्याची सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. याच अभ्यासातली एक गोष्ट मात्र फारशी पसरली नाही: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत म्हणण्यासारखा फरक पडत नव्हता.

दुसरा आकडा दहा हजार पावलांचा. जपानच्या यामासा कंपनीने १९६५ मध्ये कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव होतं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. जाहिरातीतलं ते नाव पुढे जगभराच्या मनगटी घड्याळांत जाऊन बसलं. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं, आणि साधारण ७,५०० च्या पुढे जास्तीचा लाभ दिसत नव्हता. साडेसहा हजारांवर थांबून खट्टू होणाऱ्या आजींना हे कोणीतरी सांगायला हवं.

आकड्याचा जोर खोटा नाही. मॅरेथॉनच्या जवळजवळ एक कोटी वेळांचं विश्लेषण एरिक ॲलन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये केलं. चार तासांना काही मिनिटं, काही सेकंद कमी असताना पोचणाऱ्यांची दाटी झाली होती, आणि चार तास उलटून गेल्याबरोबर ती एकदम ओसरली होती. म्हणजे ३:५९ दिसावं म्हणून दमलेले पायही शेवटच्या टप्प्यात वेग पकडतात. मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे धावपटू 'सब-फोर', हाफवाले 'सब-टू' म्हणतात ते याच ओढीने. पण आकडा पदरात पडला किंवा निसटला की त्याचं काम तिथेच संपतं. पीट्सबर्गच्या जॉन जॅकिसिच यांच्या २०१६ च्या चाचणीत वजन कमी करणाऱ्यांच्या एका गटाला मोजमाप यंत्र दिलं होतं, दुसऱ्याने आपली नोंद स्वतः ठेवली. दोन वर्षांनंतर यंत्रवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलोने आणि विनायंत्रवाल्यांचं ५.९ किलोने घटलं होतं. जॉर्डन एटकिन यांच्या त्याच वर्षीच्या प्रयोगांत पावलं मोजणारे लोक जास्त चालले, पण चालण्यातली मजा त्यांना कमी वाटली.

बक्षीस आणि सुट्टी

पैसे देऊन व्यायाम करवता येतो का? एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये दाखवलं होतं की आवडीने कोडी सोडवणाऱ्यांना पैसे दिले तर पैसे थांबल्यावर त्यांची गोडीही कमी होते. युरी नीझी आणि गॅरी चार्नेस यांचा २००९ चा प्रयोग वेगळं सांगतो. महिन्याभरात आठ वेळा जिमला गेल्यास विद्यार्थ्यांना १०० डॉलर मिळणार होते, आणि पैसे बंद झाल्यावरही आधी फारसे न जाणारे विद्यार्थी जास्त वेळा जात राहिले. ज्याला मुळात गोडीच नाही त्याची गोडी पैशाने जाणार कुठे? सुरुवातीचा कंटाळवाणा काळ मात्र पैशाच्या आधाराने निभावून नेता येतो.

केटी मिल्कमन यांनी पैशाऐवजी मोह वापरला. उत्कंठा वाढवणारी कादंबरी ऑडिओवर, पण ऐकायची फक्त जिममध्येच. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सुरुवातीला जिमच्या फेऱ्या ५१ टक्क्यांनी वाढल्या. मग नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली आणि परिणाम विरून गेला. पैसे देऊन सवय लावण्याचा प्रयोग डॅन ॲकलंड आणि मॅथ्यू लेव्ही यांनी पुन्हा केला, तिथेही हिवाळ्याच्या सुट्टीने बसवलेली घडी मोडली. शिवाय आपण यापुढे किती वेळा जाऊ याचा विद्यार्थ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच मोठा होता.

दोन वेगळ्या युक्त्या आणि दोन्हींचं घोडं सुट्टीवरच अडलं. मराठी वर्षात अशा सुट्ट्या कमी नाहीत. गणपती, दिवाळी, मुलांची परीक्षा, गावची जत्रा आणि सकाळच्या फिरण्यावर पाणी फिरवणारे पावसाचे चार महिने.

हौद्यातली शिस्त

एकट्याने व्यायाम करावा आणि तो स्वतःच्या मनाच्या बळावर, ही कल्पनाच मुळात नवी आहे. कोल्हापूरच्या तालमीतला मल्ल पहाटे उठतो तेव्हा त्याला उठावंसं वाटतंय का, हे कोणी विचारत नाही. शेजारच्या वळकट्या हललेल्या असतात. ज्याची पाळी असेल त्याला फावडं घेऊन हौदा खणायचा असतो. ती लाल माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवलेली असते आणि रोज उकरली नाही तर घट्ट होते. मग जोर, बैठका, जोडीदाराशी लढत, खुराक. वस्ताद हौद्याच्या कडेला उभा असतो आणि कोण आला नाही हे त्याला मोजावं लागत नाही. तालमीच्या भाषेत या सगळ्याला 'मेहनत' म्हणतात. इथे ती माणसाच्या लहरीवर सोडलेली नसते. जागा, वेळ, जोडीदार आणि वस्ताद ती वाटून घेतात.

औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी हीच गोष्ट शाळेच्या वेळापत्रकात आणली. ते स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी ते सक्तीचे केले. त्यांच्या पद्धतीवरचं इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघालं. सक्तीचं समर्थन आज कोणी करणार नाही. पण ठरलेली वेळ आणि भोवती तेच करणारी माणसं असली की निर्णय घेण्याचं ओझं उतरतं, हे औंधच्या मुलांनी अनुभवलं असणार.

सोबतीचं वजन मोजलंही गेलं आहे. रेना विंग आणि रॉबर्ट जेफ्री यांच्या १९९९ च्या अभ्यासात वजन घटवण्याच्या कार्यक्रमाला काही जण एकटे आले, काही तीन मित्र किंवा नातेवाईक घेऊन. एकट्या आलेल्यांपैकी ७६ टक्क्यांनी कार्यक्रम पुरा केला; सोबतीने आलेल्या आणि गट म्हणून आधार मिळालेल्यांपैकी ९५ टक्क्यांनी. घटलेलं वजन पुढचे सहा महिने पूर्णपणे टिकवणारे पहिल्या गटात २४ टक्के होते, दुसऱ्यात ६६.

सिनान अराल आणि क्रिस्टोस निकोलाइदिस यांनी २०१७ मध्ये अकरा लाख धावपटूंच्या पाच वर्षांच्या नोंदी तपासल्या. मित्र एकमेकांना धावायला लावतात की मुळात धावणारेच मित्र होतात, हे ओळखायला त्यांनी पावसाची मदत घेतली. एका शहरात पाऊस पडला की तिथला मित्र कमी धावतो. दुसऱ्या कोरड्या शहरातल्या त्याच्या मित्राचं धावणंही त्या दिवशी घटलं, तर तो परिणाम मैत्रीचाच म्हणायचा. तसा तो निघाला: मित्र एक किलोमीटर जास्त धावला तर माणूस सरासरी ३०० मीटर जास्त धावत होता. गंमत म्हणजे मागे पडणारे धावपटू पुढच्यांना जास्त पळवत होते.

सोबत नसेल तर निदान गोडी हवी. मॅथ्यू रूबी यांच्या २०११ च्या अभ्यासात लोकांनी व्यायामाआधी जेवढा आनंद अपेक्षिला होता त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त मिळाला; अंदाज चुकायचं कारण पहिली काही मिनिटं नकोशी असतात आणि मन तिथेच अडकतं. मिशेल सेगर यांना मध्यमवयीन स्त्रियांमध्ये असं आढळलं की वजन किंवा भविष्यातल्या आजारांसाठी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा आजचा दिवस बरा जावा म्हणून करणाऱ्या जास्त व्यायाम करतात. दहा वर्षांनंतरचा हृदयविकार आज पहाटे साडेपाचला कोणाला उठवत नाही. चालून आल्यावर दिवसभर चिडचिड कमी होते, हे कारण उठवू शकतं.

वेळ कोणाची?

या सगळ्या युक्त्या एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे स्वतःच्या ताब्यातला अर्धा तास. 'लॅन्सेट'च्या आकडेवारीत भारतातल्या ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष अपुरी हालचाल करणारे निघाले. हा फरक आळसाचा नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं. त्यातही व्यायामाला बरी असलेली सकाळची वेळ नेमकी डबे, पाणी, मुलांची शाळा यांची असते. संध्याकाळी उशिरा टेकडीवर एकटीने जाणं तर कित्येकींना निर्धास्तपणे जमत नाही. 'बुधवारी सव्वासहाला' असं कागदावर लिहायचं तर त्या वेळी पोळ्या कोण लाटणार, हेही त्याच कागदावर लिहावं लागतं. दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये भरणारे झुंबा आणि योगाचे वर्ग चालतात ते याच कारणाने. वेळ बायकांच्या सोयीची असते आणि शेजारीण जाताना दार वाजवून जाते.

परत येणाऱ्याचं काय?

खाड्याची भीती शरीरापेक्षा मनाला जास्त असते. एडवर्ड कॉयल यांनी १९८४ मध्ये कसलेल्या खेळाडूंचा सराव थांबवून पाहिलं. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या २१ दिवसांत ७ टक्क्यांनी घटली आणि ५६ दिवसांनंतर १६ टक्के खाली जाऊन स्थिरावली. महिनाभराच्या खंडाने सगळं धुऊन जात नाही. टिकवायला तर त्याहून कमी लागतं: स्कॉट बिकेल यांच्या २०११ च्या प्रयोगात चार महिने आठवड्यातून तीनदा वजनं उचललेल्या तरुणांनी पुढचे आठ महिने एक-नवमांश व्यायामावर, आठवड्यातून एकाच खेपेत, कमावलेले स्नायू राखले. साठीच्या पुढच्यांना स्नायूंचा आकार राखायला याहून जास्त मेहनत लागली. दिवाळीच्या धामधुमीत आठवड्याला एकदा वीस मिनिटं दिली तरी तरुण माणसाला ती कमी नाहीत.

मन मात्र असा हिशेब करत नाही. एक दिवस चुकला की 'आता काय, पुढच्या सोमवारी बघू', आणि मग ये रे माझ्या मागल्या. मरिसा शरीफ आणि सुझन शू यांनी २०१७ मध्ये यावर एक तोड सुचवली. उद्दिष्ट रोजचंच, पण आठवड्याला दोन खाडे आधीच मंजूर, तेही अडीनडीला वापरायचे म्हणून. अशा लोकांनी आठवड्यातले पाचच दिवस ठरवणाऱ्यांपेक्षाही चांगली चिकाटी दाखवली, कारण मंजूर खाडा वापरताना हात आखडतो आणि वापरला तरी नेम मोडल्यासारखा वाटत नाही.

सगळ्यात मोठी कसोटी २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आली. मिल्कमन यांच्यासह तीस शास्त्रज्ञांनी एका अमेरिकन जिम साखळीच्या ६१,२९३ सदस्यांवर एकाच वेळी चार आठवड्यांचे ५४ वेगवेगळे कार्यक्रम चालवले. आठवणीचे संदेश, बक्षिसं, आव्हानं, असं सगळं त्यात होतं. ४५ टक्के कार्यक्रमांनी आठवड्याच्या फेऱ्या ९ ते २७ टक्क्यांनी वाढवल्या. चार आठवडे संपल्यावरही परिणाम मोजण्याइतका टिकला असे कार्यक्रम फक्त ८ टक्के होते. कोणता कार्यक्रम चालेल याचा अंदाज आधी तज्ज्ञांनाही विचारला होता आणि तो साफ चुकला. पहिला नंबर लागला तो एका किरकोळ बक्षिसाचा: ठरलेला व्यायाम चुकवून जो परत येईल त्याला जास्तीचे काही पॉइंट, किंमत सुमारे नऊ सेंट.

नऊ सेंटांत चहाही येत नाही. त्या पॉइंटांनी सदस्याला एवढंच कळत होतं की खाडा कोणाच्या तरी लक्षात आला आहे आणि परत येण्याची वाट मोकळी आहे. असं करायला आपल्याकडच्या जिमना फारसा खर्च नाही. शहरांतल्या बऱ्याच जिमच्या दारात आता अंगठ्याची हजेरी असते, त्यामुळे कोण दहा दिवस फिरकलं नाही हे संगणकाला अकराव्याच दिवशी माहीत असतं. तरी सदस्याला फोन जातो तो बहुतेकदा अकराव्या महिन्यात, मुदत संपत आली म्हणून.